साथीत कॅज्युअल्टीत जायचं की नाही?

"साथ चालू असताना छातीत दुखलं तरी हॉस्पिटलात जाऊ नका, कॅज्युअल्टीत सगळ्यांना एकत्रच बसवतात." साथ आली की हा मेसेज फिरतो. भीती समजण्यासारखी आहे. पण साथीत बऱ्याच हॉस्पिटलांत कॅज्युअल्टीची मांडणीच बदलतात. दारातच ताप-खोकला विचारतात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि तापाचे पेशंट वेगळ्या बाजूला, कधी बाहेरच्या मांडवात पाठवतात. छातीत दुखणारा त्या रांगेत थांबत नाही. त्याचा ईसीजी आधी काढतात. धोका शून्य होतो असं नाही, मास्क हवाच. पण उशिराचा धोका मोठा. लकव्याचंच बघा, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरी थांबलं की ती वेळ गेली.

खात्री करायचीय? जवळच्या हॉस्पिटलला आजच फोन करून "तापाच्या पेशंटची सोय वेगळी आहे का?" एवढं विचारा. कळ सुरू झाल्यावर मात्र चौकशी नको, सरळ १०८.