नाव झाकले तरी आकार दिसतो

पंचवटीतल्या एखाद्या धर्मशाळेत उतरलेल्या माणसाने तिथल्या वाय-फायवरून आपल्या आजाराची माहिती शोधायला घेतली, तर संकेतस्थळ उघडण्याआधी त्याच्या फोनला त्या नावाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) रिझॉल्व्हर नावाच्या सर्व्हरला विचारावा लागतो. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखलेल्या, नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेत हे प्रश्न उघड्या मजकुरात जात, आणि आजही पुष्कळ ठिकाणी तसेच जातात. त्यामुळे संकेतस्थळावरचा मजकूर कूटबद्ध असला तरी कोणते संकेतस्थळ उघडले हे वाय-फाय चालवणाऱ्याला वाचता येते.

यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये डीएनएस ओव्हर टीएलएस आणि २०१८ मध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ही मानके आली, आणि प्रश्न कूटबद्ध होऊन जाऊ लागले.

तरीही प्रश्नोत्तरांची लांबी आणि त्यांच्या वेळा बाहेरून दिसत राहतात. एक पान उघडताना चित्रे, जाहिराती, अक्षरवळणे अशा कितीतरी गोष्टींसाठी निरनिराळी नावे विचारली जातात, आणि त्या उत्तरांच्या लांबींचा क्रम बऱ्याचदा त्या पानाची ओळखखूण ठरतो. पाळत ठेवणाऱ्याने तीच संकेतस्थळे आधी स्वतः उघडून असे क्रम नोंदवून ठेवले, तर कूटलेखन न फोडताही त्याला पुष्कळदा अचूक अंदाज बांधता येतो. म्हणून प्रश्नाची लांबी १२८ बाइटच्या आणि उत्तराची ४६८ बाइटच्या पटीत येईल इतकी निरर्थक भर घालावी, अशी शिफारस २०१८ मध्ये करण्यात आली. ही भर उपयोगी आहे, पण अपुरी आहे. प्रश्न किती आणि कोणत्या क्षणी गेले हे तिने झाकले जात नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

शिवाय रिझॉल्व्हरला प्रश्नही कळतो आणि विचारणाराही. २०२२ मध्ये दस्तऐवजरूपात प्रसिद्ध झालेल्या ऑब्लिव्हियस पद्धतीत प्रश्न मधल्या एका सर्व्हरमार्फत जातो; या मध्यस्थाला फक्त विचारणारा कळतो आणि रिझॉल्व्हरला फक्त प्रश्न, मात्र दोघांनी संगनमत केले तर हे संरक्षण उरत नाही. पुढे संकेतस्थळाशी जोडणी होताना त्याचे नाव अनेकदा पुन्हा उघडेच जाते, त्यासाठी वेगळे कूटलेखन लागते.

एवढ्या मर्यादा असूनही कूटबद्ध डीएनएसची सोय वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन. अँड्रॉइड ९ पासून फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. ते स्वयंचलित ठेवले आणि त्या जाळ्यातल्या रिझॉल्व्हरला कूटलेखन जमत नसेल, तर फोन मुकाट्याने उघडे प्रश्न पाठवू लागतो. रिझॉल्व्हरचे नाव स्वतः भरले, तर अशा वेळी उघडा प्रश्न न पाठवता तो जोडणीच नाकारतो.