घसा बसलाय, पण किती? आवाजाची श्रेणी कानाने ठरवण्यामागचा इतिहास

पुण्यात आवाजाची पारख करणाऱ्यांची वाण नाही. १९५३पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात 'आज आवाज लागला नाही' हे मांडवातला साधा श्रोताही सांगतो. नारायण पेठेतल्या क्लासचे सर शेवटच्या तासाला 'घसा बसलाय' म्हणत गरम पाण्याचे घोट घेतात. पण हेच सर ईएनटीच्या ओपीडीत आले की एवढ्यावर भागत नाही. किती बसलाय? मागच्या वेळेपेक्षा सुधारलाय का? आवाजाचे उपचार करणाऱ्या दुसऱ्या थेरपिस्टने ऐकलं तर त्यांचंही तेच मत पडेल का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि या क्षेत्राची अर्धीअधिक धडपड त्याच्यापायीच झाली.

स्वरयंत्र पाहण्याची सोय त्या मानाने लवकर झाली. मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले आणि १८५५ मध्ये ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. त्यामुळे गाठ दिसू लागली, सूज दिसू लागली. आवाजाचं वर्णन मात्र पुढेही बराच काळ ज्याचं त्याच्यापाशी राहिलं. एकाला 'घोगरा' वाटलेला आवाज दुसऱ्याला 'फाटका' वाटायचा.

या गोंधळाला पहिली भक्कम शिस्त जपानमध्ये लागली. नोबुहिको इश्शिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात घोगऱ्या आवाजांचे नमुने श्रोत्यांना ऐकवले, परस्परविरोधी विशेषणांच्या जोड्यांवर त्यांचं मत घेतलं आणि त्या ढिगातून मोजके मूळ गुण वेगळे काढले. त्याच वाटेने पुढे तिथल्या वाचा आणि स्वर तज्ज्ञांच्या संस्थेने पाच घटकांची पट्टी तयार केली. मिनोरू हिरानो यांच्या १९८१च्या पुस्तकामुळे ती, पाच घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, 'ग्रबास' (GRBAS) या नावाने जगभर पोचली. एकूण बिघाड, खरखर, आवाजातून निसटणारी हवा, क्षीणपणा आणि ताण या प्रत्येकाला ० ते ३ गुण. ० म्हणजे बिघाड नाही, ३ म्हणजे तीव्र. स्वरतंतूंवर गाठी आलेल्या शिक्षिकेच्या केसपेपरवर मग 'एकूण २, खरखर २, हवा १, क्षीणपणा ०, ताण १' असं लिहिता येतं. 'एकूण' म्हणजे बाकीच्या चारांची बेरीज नव्हे. तो कानावर पडलेला समग्र ठसा असतो, आणि शिकाऊ विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात.

पट्टी आली म्हणून कान जुळले असं मात्र झालं नाही. क्षीणपणा आणि ताण यांबाबत श्रोत्यांचं एकमत कमी पडतं, म्हणून युरोपीय स्वरयंत्रतज्ज्ञांच्या २००१च्या शिफारशीत पहिले तीनच घटक ठेवले गेले. त्याआधी १९९३ मध्ये जोडी क्रायमन, ब्रूस गेराट या अमेरिकी संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवलं होतं. प्रत्येक श्रोत्याच्या डोक्यात स्वतःचं एक माप असतं, आणि ते अनुभवाप्रमाणे सरकत जातं. अगदी चांगला किंवा अगदी बिघडलेला आवाज असेल तर मतं जुळतात, मधल्या आवाजांवर फाटे फुटतात. आणि दवाखान्यात येणारे बरेचसे पेशंट या मधल्याच पट्ट्यातले असतात.

२००२ मध्ये पिट्सबर्गला झालेल्या बैठकीतून अमेरिकेची 'केप-व्ही' पद्धत निघाली, आणि २००९ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध झाली. इथे गुणांऐवजी १०० मिलिमीटरची रेघ असते. ऐकून झालं की तिच्यावर खूण करायची आणि पट्टीने अंतर मोजायचं. पेशंटने 'आ' आणि 'ई' लांबवायचे, सहा ठरावीक वाक्यं म्हणायची आणि मग थोडं मोकळं बोलायचं. प्रत्येक वाक्याचं काम वेगळं: एकात सगळे घोष, म्हणजे स्वरतंतू कंप पावून निघणारे ध्वनी, एकात अनुनासिकांची गर्दी, एकात स्वराने जोरकस सुरू होणारे शब्द.

ही वाक्यं इंग्रजीतली. मराठीत नुसता अर्थ उतरवून चालत नाही, तेच काम करणारी वाक्यं नव्याने बांधावी लागतात. त्यात आपल्याकडे एक खास अडचण आहे. 'म्हातारी', 'न्हाणी', 'भाऊ', 'धूर' यांतल्या म्ह, न्ह, भ, ध या ध्वनींमध्ये मुळातच हवा मिसळलेली असते. निरोगी गळ्यातूनही ती येणारच. वाक्यात असे ध्वनी दाटले तर ऐकणारा भाषेची हवा आजाराच्या खात्यात मांडण्याचा धोका राहतो. मराठी पेशंटचा लांबवलेला 'आ' वेगळा ऐकण्याचा आग्रह मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. वेळ नाही म्हणून तो गाळणं चुकीचं आहे.

आता सॉफ्टवेअर आहे. बेल्जियममधल्या मारिन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सहा ध्वनिमापनं एकत्र करून तीव्रतेचा एकच आकडा देणारा निर्देशांक मांडला. तो बसवताना प्रमाण म्हणून धरले होते श्रोत्यांनी दिलेले गुणच. त्यामुळे यंत्र आलं तरी कान तयार करण्याचं काम संपत नाही. भारती विद्यापीठासारख्या ठिकाणी वाचा आणि श्रवणशास्त्र शिकणाऱ्या मुलांना ठरावीक नमुने पुन्हा पुन्हा ऐकवायला हवेत, आणि दवाखान्यांनी पहिल्या भेटीचं रेकॉर्डिंग जपायला हवं. थेरपीनंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये ते मिसळून, कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे न सांगता, दुसऱ्या थेरपिस्टकडून गुण घेता येतात. त्यासाठी मोबाइलही चालतो, फक्त खोली शांत हवी आणि तोंडापासूनचं अंतर दोन्ही वेळेला तेवढंच.