टर्बो पेट्रोल इंजिनाची पार्श्वभूमी : सगळं ऑइलभोवती फिरतं

पुण्यातल्या एखाद्या टर्बो पेट्रोल गाडीची डिपस्टिक ओढून पाहिली, तर कधीकधी ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वर चढलेली दिसते. थेंब बोटांवर चोळला की पातळ लागतो आणि पेट्रोलचा वास येतो. गाडी रोज कोथरूड ते डेक्कन एवढीच फिरत असेल, तर ही शक्यता जास्त. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. थंड सिलिंडरच्या भिंतीवर बसलेलं पेट्रोल रिंगांच्या फटीतून खाली उतरतं, आणि ते उडून जायला लागणारी उष्णता ऑइलला मिळतच नाही.

हा दोष आजचा नाही, थेट फवारणी आली तेव्हापासूनचा आहे. जुन्या पद्धतीत कार्ब्युरेटर किंवा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) पेट्रोल हवेत मिसळून मग सिलिंडरमध्ये जातं. थेट फवारणीत इंजेक्टरचं तोंडच सिलिंडरमध्ये उघडतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या इंजिनांत हे तंत्र होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गुटब्रोड आणि गोलियाथ या छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांत ते आलं आणि १९५४ मध्ये मर्सिडीझ ३०० एसएलमध्ये फोर-स्ट्रोक गाडीवर बसलं. त्या मर्सिडीझचा पंप यांत्रिक होता. चावी बंद केली तरी इंजिन थांबेपर्यंत तो पेट्रोल मारतच राही. ते न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळे, आणि ऑइल वारंवार बदलावं लागे. आजचा इंजेक्टर मिलिसेकंदाच्या हिशोबात बंद होतो, तरी पेट्रोल भिंतीवर पडण्याचा मूळ प्रश्न पूर्ण सुटलेला नाही.

टर्बोची वाट वेगळी. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये धुराच्या जोरावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरचं पेटंट घेतलं. डिझेलला टर्बो मानवला, कारण तिथे सिलिंडरमध्ये नुसती हवा दाबायची असते. पेट्रोलमध्ये मिश्रण जास्त दाबलं, तापलं, की नॉकिंग सुरू, म्हणजे ते आपोआप झटक्याने पेटतं. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरने यावर अजब उपाय काढला : पाणी आणि मेथॅनॉलचं द्रावण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडायचं, म्हणजे मिश्रण थंड राहील. टाकी रिकामी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, कापला जाई. मालक टाकी भरत नसत, आणि दोन वर्षांत ते मॉडेल संपलं. बीएमडब्ल्यूने १९७३ च्या २००२ टर्बोमध्ये उलट केलं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ६.९:१ पर्यंत खाली आणलं. नॉकिंग आवरलं, पण बूस्ट येईपर्यंत गाडीला दम नसे. त्या काळातल्या टर्बो गाड्या खालच्या आरपीएमला मरगळलेल्या असत, त्या यामुळेच.

जेटफायरच्या द्रावणाने जे केलं, तेच थेट फवारणी पेट्रोलकडून करून घेते. पेट्रोल सिलिंडरमध्येच वाफ होतं आणि वाफ होताना आतल्या हवेची उष्णता ओढून घेतं. मित्सुबिशीने १९९६ मध्ये जीडीआय नावाने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची थेट फवारणी मोठ्या संख्येने विकायला काढली. तिचा भर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) ठेवून पेट्रोल वाचवण्यावर होता. टर्बोशी तिचं लग्न खऱ्या अर्थाने जमवलं ते २००४ च्या सुमारास आउडी-फोक्सवॅगनच्या २.० टीएफएसआयने. टर्बो असूनही कॉम्प्रेशन १० च्या वर! आज चाकणहून निघणाऱ्या १.० टीएसआय या फोक्सवॅगनच्या टर्बो इंजिनात ते १०.५:१ आहे, म्हणून ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन १,७५० आरपीएमलाच १७८ न्यूटन-मीटर टॉर्क देतं.

आपल्याकडे ही इंजिनं छोटी का, याचं उत्तर बरंचसं करात आहे. २००६ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि ती मर्यादा जीएसटीतही टिकली. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली तीही १.२ लिटरच्या इंजिनाची. मग १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ हे कडक नियम लागू झाले, छोट्या डिझेलचा खर्च परवडेना, आणि डिझेलच्या पिकअपची सवय झालेलं गिऱ्हाईक टर्बो पेट्रोलकडे वळलं.

आता बिघाडांकडे. थेट फवारणीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतच नाही, त्यामुळे ती धुतली जात नाही. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, येणारी ऑइलची वाफ तिथे बसते, भाजते, आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती काळा, खडबडीत थर चढतो. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन थरथरणं, मिसफायर, मधल्या आरपीएमला ओढ कमी होणं ही त्याची लक्षणं. टाकीत ओतायचं क्लीनर इथे निरुपयोगी आहे, कारण पेट्रोल त्या जागी पोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून, तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद असल्याची खात्री करून, अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारणं हा खात्रीचा इलाज. टोयोटाने २००५ पासून काही इंजिनांत पोर्टमध्येही (व्हॉल्व्हच्या आधीच्या वाटेत) दुसरा इंजेक्टर देऊन हा प्रश्न मुळातच हलका केला.

त्याहून गंभीर दोष म्हणजे कमी आरपीएमवर ठिणगीच्या आधीच होणारं ज्वलन, म्हणजे एलएसपीआय. पिस्टनच्या वरच्या रिंगेच्या खाचेत ऑइल आणि पेट्रोलचं मिश्रण साचतं, त्याचा थेंब सुटून उडतो आणि प्लगच्या आधी पेट घेतो. दाब इतका अचानक वाढतो की एकाच झटक्यात रिंगेजवळची पिस्टनची कड तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा धोका वाढतो, असं प्रयोगांत दिसल्यावर काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आलं. त्यासाठीची चाचणी २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएन प्लस या ऑइलच्या दर्जात आली. मे २०२० च्या एपीआय एसपीमध्ये काजळीने टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) झिजण्याचीही चाचणी जोडली गेली. तेव्हा ऑइलच्या डब्यावरची एसपी ही दोन अक्षरं ब्रँडपेक्षा महत्त्वाची. मात्र कंपनीने मॅन्युअलमध्ये स्वतःचा मंजुरी क्रमांक दिला असेल, तर आधी तो पाहावा.

चालवण्यात याचा अर्थ सरळ आहे. कात्रज किंवा खंबाटकीच्या चढावर सहाव्या गिअरमध्ये १,४०० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये; दोन गिअर खाली येऊन २,००० च्या वर ठेवावं. ऑटोमॅटिक असेल तर एस (स्पोर्ट) मोड. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरायचं कारण नाही, ते कण्हत असेल तर घाबरावं.

जुन्या इंजिनांत इतरही दुखणी होती. फोक्सवॅगनच्या ईए-१११ या इंजिन मालिकेतल्या १.२ आणि १.४ टीएसआयची टायमिंग चेन ढिली पडे. ईए-८८८ च्या आधीच्या पिढीत पिस्टनच्या ऑइल रिंगा ऑइल खात. २०१२ नंतरच्या ईए-२११ मध्ये चेनऐवजी बेल्ट आला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) हेडमध्येच ओतला गेला. सेकंडहँड गाडी बघताना नुसतं टीएसआय हे नाव पुरेसं नाही. मालिका कोणती ते विचारा.

टर्बोत धुराचं तापमान ९५० अंशांच्या आसपास जातं. घाट चढून लोणावळ्यात लगेच इंजिन बंद केलं, तर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच भाजून कोक, म्हणजे कडक काजळी, होतं. शेवटची दोन-तीन मिनिटं हलकी चालवून मग थांबवावी. बंद केल्यावर बोनेटखाली पंखा किंवा पंप घोंघावत राहिला तर तो बिघाड नाही, टर्बो निवतोय.

सर्व्हिसिंगचा १५,००० किलोमीटरचा आकडा वाचताना तासांत विचार करावा. हायवेला ताशी ६० ने ते २५० तास होतात. हिंजवडीच्या रांगेत ताशी २० च्या सरासरीने ७५० तास. त्या ७५० तासांसाठी एकच ऑइल ठेवणं फार झालं. शहरातच फिरणाऱ्या गाडीचं ऑइल ७,५०० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलावं, आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी सलग पळवावी. डिपस्टिक सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी बघावी. पातळी कमाल खुणेच्या वर असेल तर भरताना ऑइल जास्त पडलंय का ते आधी तपासा. तसं नसेल आणि वास पेट्रोलचा असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता ऑइल बदला, आणि ते पुन्हा चढलं तर इंजेक्टर गळतोय का ते तपासून घ्या.