विंडोज १० नंतरचे जुने संगणक : इंदूरमधील अडचणीची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांतील मराठी घरांत आणि छोट्या संस्थांच्या कार्यालयांत आरएनटी मार्गावरच्या बाजारातून आठ-दहा वर्षांपूर्वी असेंबल करून आणलेले संगणक आजही रोजच्या कामात आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट थांबली, आणि पत्रव्यवहार, हिशेब, सभासदांच्या याद्या अशी कामे निर्वेधपणे करणाऱ्या यांतील अनेक यंत्रांना विंडोज ११ साठी अपात्र ठरवण्यात आले.

यापूर्वीची स्थित्यंतरे वेगळ्या कारणांनी अडत असत. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी युनिकोडची, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जाणाऱ्या अक्षरपद्धतीची, सोय मूळ सीडीवरून वेगळी बसवावी लागे. त्यामुळे बहुतेकांनी जुन्या फॉन्टांतच टंकलेखन चालू ठेवले, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय मुळातच मिळू लागली, तरी आधीच्या फाइली, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर आणि डीटीपीच्या (छपाईसाठी पाने जुळवण्याच्या) पॅकेजांची परवाना तपासणारी कुलपे यांच्यापायी अनेक कार्यालये एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीची अपडेट बंद झाल्यावरही तिलाच चिकटून राहिली. विंडोजआधीच्या डॉसच्या काळातील १६ बिटचे हिशेबाचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, हेही एक कारण होते.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर मोफत देण्यात आली. ती मुदत कागदावर २०१६ साली संपली, परंतु जुन्या परवान्याची किल्ली स्वीकारली जाणे २०२३ पर्यंत चालू राहिले. ४ जीबी रॅम वाढवून ८ जीबी करावी, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, की २०१० च्या सुमाराचा संगणकही विंडोज १० वर बरा चालतो, असा अनुभव लोकांनी या काळात घेतला. यंत्र पुरेसे वेगवान असले म्हणजे पुढची आवृत्ती बसणारच, ही समजूत तेव्हाच पक्की झाली.

ती समजूत २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ जाहीर झाली तेव्हा मोडली, आणि आजच्या साऱ्या वादाचे मूळ तिच्या अटींच्या निर्णयात आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या प्रोग्रॅमनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय) आणि इंटेलचा असल्यास आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर अशा अटी घालण्यात आल्या. पहिल्या कागदपत्रांत टीपीएम १.२ ही किमान मर्यादा आणि २.० ही शिफारस असा भेद होता, तो लगेच काढून टाकण्यात आला. संगणक पात्र आहे की नाही हे सांगणारे मायक्रोसॉफ्टचेच साधन, अपात्रतेचे कारण नीट सांगत नाही म्हणून, काही दिवसांतच मागे घ्यावे लागले. ऑगस्टमध्ये कंपनीने असे स्पष्टीकरण दिले की अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रांत कर्नल पातळीवरचे (विंडोजच्या गाभ्यातले) बिघाड ५२ टक्के अधिक आढळले. सुरक्षिततेचा आग्रह चुकीचा नव्हता. २०१८ च्या आरंभी प्रोसेसरांतील गंभीर त्रुटी उघड झाल्यानंतर हार्डवेअरच्या पातळीवर संरक्षण हवे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

पण रेषा नेमकी आठव्या पिढीवर का ओढली, याचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नाही. इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीच्या अनेक यंत्रांत फर्मवेअरमधला (वेगळ्या चिपऐवजी यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममधला) टीपीएम २.० उपलब्ध आहे. मेमरीच्या संरक्षणाला वेग देणारी हार्डवेअर सुविधा सातव्या पिढीतही आहे. तरीही सातव्या पिढीतील मोजकेच प्रोसेसर नंतर यादीत घेतले गेले आणि त्यांतला एक कंपनीच्या स्वतःच्या महागड्या संगणकात बसवलेला होता. २०१७ च्या आरंभी घेतलेला आय५ प्रोसेसरचा संगणक बाद, आणि त्यानंतर वर्षभराने घेतलेला, कामात कदाचित त्याहून मंद असलेला संगणक पात्र, अशी स्थिती यातून निर्माण झाली. ज्या संस्थेने वर्गणी गोळा करून यंत्र घेतले, तिच्या दृष्टीने हा फरक अन्यायाचाच आहे.

असेंबल केलेल्या यंत्रांचा आणखी एक गुंता आहे. त्यांतील पात्र यंत्रेही पुष्कळदा अपात्र दाखवली गेली, कारण बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये) टीपीएम बंद होता किंवा डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली होती. टीपीएम चालू करून आणि विंडोज १० मध्येच असलेल्या साधनाने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलून हा अडसर दूर होतो. मात्र आधी माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवणे आवश्यक असते. ही माहिती वेळेवर न मिळाल्याने चांगली यंत्रे भंगारात जाऊ नयेत.

अटी टाळण्याची रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदींतील) वाट सुरुवातीला कंपनीनेच प्रसिद्ध केली होती, पुढे ती सूचना हटवण्यात आली. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर पॉपसीएनटी ही आज्ञा न समजणाऱ्या फार जुन्या प्रोसेसरांवर विंडोज ११ सुरूच होत नाही. काहींनी लिनक्स या विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या प्रणालीचा मार्ग धरला. त्यावर युनिकोड मराठी उत्तम चालते, पण विंडोजसाठी बनवलेली जुनी डीटीपी पॅकेजे आणि हिशेबाचे प्रोग्रॅम तिथे सहसा जसेच्या तसे चालत नाहीत.

जे विंडोज १० वरच थांबले, त्यांच्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती वापरकर्त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ३० डॉलरला, किंवा ऑनलाइन खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप जोडल्यास विनामूल्य मिळते. व्यावसायिक वापरासाठी पहिल्या वर्षाचा दर प्रतिसंगणक ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो, तर शिक्षणसंस्थांना पहिल्या वर्षी १ डॉलर पडतो. वाचनालय किंवा गणेशोत्सव चालवणारी नोंदणीकृत संस्था घरगुती वापरकर्ताही नसते आणि शाळाही नसते. दोन-तीन जुने संगणक असलेल्या अशा कार्यालयाला व्यावसायिक दर तीन वर्षे भरण्यापेक्षा बाजारातून आठव्या पिढीचा वापरलेला संगणक घेणे स्वस्त पडू शकते.