मांडवीवरची झळाळी आणि एव्हरेटची जगं

रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीच्या कठड्याशी उभं राहिलं की दुपारची मांडवी डोळ्यांवर येते. पोलराइज्ड गॉगल चढवला की चमक विरते, मान खांद्याकडे कलती केली की परत येते. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा आडवा ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं आडव्या दिशेत असतात, आणि गॉगल नेमका तोच अडवतो.

त्यातला एकच, पूर्ण आडवा ध्रुवित फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, घेऊ. मान ३० अंश कलली असेल तर तो आरपार जाण्याची शक्यता पाव. क्वांटम मोजणीतल्या शक्यता सांगणाऱ्या माक्स बॉर्नच्या १९२६ च्या नियमातून हा आकडा येतो. आपण म्हणतो, फोटॉन गेला किंवा अडला. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये मांडलं की दोन्ही घडतं. बघणाऱ्याच्याही दोन शाखा, म्हणजे दोन जगं, होतात, एकीत चमक दिसते, दुसरीत नाही.

मला ही कल्पना ओढून घेते ती स्थानिकतेपायी, म्हणजे एका जागी केलेल्या गोष्टीचा परिणाम दूरवर तत्क्षणी होत नाही या तत्त्वापायी. समजा, गुंतलेल्या (एंटँगल्ड, म्हणजे एकाच सामायिक अवस्थेत असलेल्या) जोडीतला एक फोटॉन गोव्याच्या उत्तर टोकाला पेडण्याला, दुसरा दक्षिण टोकाला काणकोणला धाडला. दोन्हीकडे ध्रुवण मोजायच्या गाळणीचे कोन सारखे ठेवले तर उत्तरं जुळतात. कोन वेगवेगळे ठेवले की आकडे असे येतात, की फोटॉन उत्तरं आधीच ठरवून निघाले होते असं म्हणून भागत नाही. जॉन बेलने हे १९६४ मध्ये दाखवलं; त्याच्या कसोटीच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं. मग पेडण्यातल्या मोजणीने काणकोणात तत्क्षणी काही घडवलं का? बेलच्या युक्तिवादात प्रत्येक मोजणीला एकच उत्तर गृहीत आहे. एव्हरेटकडे दोन्ही गावांत दोन्ही उत्तरं निघतात, आणि दोन्हीकडचे मोजणारे वह्या घेऊन मडगावात भेटतात तेव्हा कुठे कोणाची गाठ कोणाशी हे ठरतं. प्रकाशाला मागे टाकून काहीच धावत नाही.

पण शाखा दोनच, तर निम्मं-निम्मं का नाही? पाव आला कुठून?

भौतिकशास्त्रज्ञ शॉन कॅरोल आणि तत्त्वज्ञ चार्ल्स सेबेन्स सांगतात, फोटॉन गॉगलवर आदळलाय, तुमचे डोळे अजून मिटलेले आहेत. ‘मी कुठल्या शाखेत?’ हा प्रश्न तेव्हा खरा असतो. आता समजा, ‘अडला’ या शाखेत दूर काणकोणातल्या एका कणाने तीन सारख्या वाटा धरल्या. गणितात ‘अडला’चं वजन ‘गेला’च्या तिप्पट, ते तिघींत वाटलं गेलं. आता एकूण चार समान शाखा, त्यातली एक ‘गेला’ची. काणकोणात काय झालं याने फेरीबोटीवरची शक्यता बदलू नये, म्हणजे ती आधीही पावच होती. इथे संभाव्यता स्थानिकतेच्याच खांद्यावर उभी आहे, आणि मला हे फार सुंदर वाटतं. समान शाखांना समान शक्यता का द्यायची, यावर मात्र जाणकारांचं अजून एकमत नाही.