बाजारातील विक्रेत्यांसाठी सूक्ष्मकर्ज

ज्याच्याजवळ तारण ठेवण्याजोगे काही नाही आणि ज्याच्या व्यवहाराची कागदोपत्री नोंद नाही, अशा व्यावसायिकाला मिळणारे छोट्या रकमेचे, थोड्या मुदतीचे व ठरावीक हप्त्यांनी फेडायचे कर्ज म्हणजे सूक्ष्मकर्ज. कारागीर, पशुपालक, घरगुती उद्योग करणारे असे अनेक जण ते घेतात. पण या पद्धतीशी ज्याचा व्यवहार सहज जुळला तो बाजारात माल मांडून बसणारा छोटा विक्रेता. त्याचे भांडवल दिवसातून किंवा आठवड्यातून एकदा फिरते आणि रोख पैसा रोज हातात येतो, त्यामुळे आठवड्याचा हप्ता त्याला झेपतो. सुगीपर्यंत वाट पाहावी लागणाऱ्या शेतकऱ्याला तो झेपत नाही.

मात्र हप्ता झेपणे आणि धंदा वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूक्ष्मकर्जाच्या प्रचारात त्या सर्रास एक मानल्या गेल्या. कर्जाने धंदा वाढतो की नुसता चालू राहतो, हे रकमेइतकेच परतफेडीच्या वेळापत्रकावरही ठरते, असे आजवरचा अनुभव व संशोधन सांगते.

विक्रेत्याचे भांडवल

छोट्या विक्रेत्याची सारी गुंतवणूक बहुधा एका दिवसाच्या मालात असते. पहाटे घाऊक बाजारातून माल उचलायचा, दिवसभर विकायचा, संध्याकाळी आलेल्या पैशातून उधारी, जागेचे भाडे व घरखर्च भागवायचा आणि उरेल त्यातून दुसऱ्या दिवशीची खरेदी करायची, असा हा फेरा चालतो. आजारपण, पाऊस, न खपलेला नाशवंत माल यांपैकी काहीही आडवे आले की दुसऱ्या दिवशीची खरेदी अडते आणि ती भागवण्यासाठी सावकार लागतो.

सावकाराचा दर ऐकून बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. चेन्नईतील भाजी-फळ विक्रेत्यांच्या एका पाहणीत सकाळी घेतलेल्या पैशांवर संध्याकाळपर्यंत सरासरी ५ टक्क्यांच्या जवळपास व्याज पडत असल्याचे आढळले, तेही एका दिवसाचे. फिलिपिन्समध्ये अशा कर्जाला ‘पाच-सहा’ म्हणतात, कारण पाच घेतले की सहा परत द्यायचे. तरीही सावकार टिकून आहे, कारण तो पहाटे जागेवर येतो, कागद मागत नाही आणि एखादा दिवस चुकला तर समजून घेतो. या तीन गोष्टी एकत्र देणे संस्थांना क्वचितच जमले आहे.

येथे एक साधा हिशेब उद्‌बोधक ठरतो. रोज ५ टक्के व्याजाने भांडवल घेणाऱ्या विक्रेत्याने दररोज त्या भांडवलाचा केवळ शंभरावा भाग बाजूला काढून तेवढे कर्ज कमी घेतले आणि त्यामुळे वाचलेले व्याजही त्यातच जिरवले, तर सुमारे ३७ दिवसांत त्याला कर्जाची गरज उरत नाही. मग बहुतेक जण वर्षानुवर्षे कर्जात का राहतात? डीन कार्लन, सेंधिल मुल्लैनाथन व बेंजामिन रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी भारत व फिलिपिन्समधील बाजारात याचा प्रयोग केला. काही विक्रेत्यांचे सावकाराचे कर्ज एकरकमी फेडून टाकले, काहींना पैशांच्या व्यवस्थापनाचे थोडे शिक्षणही दिले. तरीही बहुतेक विक्रेते थोड्याच काळात पुन्हा सावकाराकडे गेले. हे त्यांच्या उधळेपणाचे लक्षण मानणे सोपे आहे. पण हाती शिल्लक नसलेल्या माणसाला पहिल्याच अडचणीत तोच दरवाजा गाठावा लागतो, हे स्पष्टीकरण अधिक पटते. स्वस्त कर्जाबरोबर बचतीची सोय नसेल तर ते कर्ज जुन्या खड्ड्याच्या काठावरच नेऊन सोडते.

बचतीची सोय विक्रेत्यांनी स्वतःही उभी केलेली दिसते. आळीपाळीने जमा रक्कम उचलायची भिशीसारखी मंडळे जगातील बहुतेक बाजारांत या ना त्या नावाने आढळतात. घानामध्ये ‘सुसू’ गोळा करणारा माणूस रोज दुकानोदुकानी फिरून ठरलेली रक्कम घेतो, महिनाअखेर ती परत करतो आणि एका दिवसाची रक्कम आपला मोबदला म्हणून ठेवतो. म्हणजे ठेवीदाराला व्याज मिळत नाही, उलट तोच पैसे मोजतो. पैसा घरात किंवा खिशात न राहणे हीच त्याच्या दृष्टीने सेवा असते.

पूर्वपीठिका

सूक्ष्मकर्ज हा विसाव्या शतकाचा शोध मानला जातो, तो तसा नाही. अठराव्या शतकात डब्लिनमध्ये लेखक व धर्मगुरू जोनाथन स्विफ्ट स्वतःच्या पैशातून कष्टाळू कारागीर-व्यापाऱ्यांना बिनव्याजी छोट्या रकमा देत असे आणि त्या दर आठवड्याच्या हप्त्यांनी परत घेत असे. तारणाऐवजी जामीनदार आणि साप्ताहिक परतफेड ही आजची चौकट तेथे दिसते. पुढे आयर्लंडमध्ये अशा कर्जनिधींचे मोठे जाळे पसरले. जर्मनीत १८५० च्या सुमारास हेरमान शुल्झे-डेलिच याने शहरी कारागीर व व्यापाऱ्यांसाठी, तर फ्रीडरिक राइफायझन याने १८६० च्या दशकात ग्रामीण भागासाठी सहकारी पतसंस्था उभारल्या.

आधुनिक पर्वात ब्राझीलमधील रेसिफे शहरात १९७३ मध्ये अ‍ॅक्सिओन या संस्थेच्या साहाय्याने छोट्या व्यावसायिकांना कर्जे देण्यास सुरुवात झाली. १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेची सेवा बँक स्थापन झाली. सुमारे ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये भरून तिचे भागभांडवल उभे केले. त्यांत टोपली घेऊन बसणाऱ्या विक्रेत्या होत्या. बँकेने त्यांना आधी खातेदार केले आणि मग कर्जदार. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनुस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातील जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले. त्यातूनच १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. युनुस व बँकेला २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इंडोनेशियातील बँक राक्यात या सरकारी बँकेने १९८४ पासून गटाऐवजी एकेका व्यक्तीला, बाजारभावाच्या व्याजाने आणि कोणत्याही किफायतशीर कामासाठी कर्ज देऊन नफा मिळवला. तिचे नाव चर्चेत फारसे येत नाही. खरे तर पेठेतल्या दुकानदाराला तिची रीत ग्रामीण बँकेपेक्षा अधिक मानवणारी होती. बोलिव्हियात १९९२ मध्ये स्थापन झालेली बँकोसोल ही सूक्ष्मकर्जासाठीच काढलेली पहिली खासगी व्यापारी बँक मानली जाते.

कर्ज देण्याची रीत

रूढ पद्धतीत पाच किंवा अधिक कर्जदारांचा गट एकमेकांना जामीन राहतो, पहिले कर्ज लहान असते आणि ते वेळेवर फिटले की पुढचे मोठे मिळते. हप्ता कर्ज मिळाल्यावर एक-दोन आठवड्यांतच सुरू होतो. गटाच्या हमीमुळे कर्जदाराची पारख संस्थेऐवजी शेजारी करतात, हा तिचा गाभा सांगितला जाई. प्रत्यक्षात बाजारातल्या विक्रेत्याला गट अडचणीचा वाटतो. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी बैठकीसाठी जागा सोडावी लागते आणि दुसऱ्याच्या चुकलेल्या हप्त्याची झळ आपल्याला बसते. शिवाय एकाच बाजारातील गटात सगळ्यांचा धंदा एकाच दिवशी बसतो, तेव्हा कोणी कोणाला सावरायचे? झेवियर जिने व डीन कार्लन यांनी फिलिपिन्समधील एका बँकेच्या काही केंद्रांत सामूहिक हमी काढून टाकून पाहिली. थकबाकी वाढली नाही. अनेक संस्था आता व्यक्तिगत कर्जाकडे वळल्या आहेत.

धंदा वाढतो का?

बॉस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया व मोरोक्को या सहा देशांत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कर्जाची सोय कोणाला मिळणार हे सोडतीने ठरवून, केलेले सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष सूक्ष्मकर्जाचे समर्थक व टीकाकार या दोन्ही बाजूंची निराशा करणारा होता. कर्ज उपलब्ध झाल्याने छोट्या धंद्यांत काहीशी गुंतवणूक वाढते, उत्पन्नाचे मार्ग निवडण्याची मोकळीक मिळते. पण सरासरी कुटुंबाचे उत्पन्न लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. कर्जाने सरसकट दैना होते, हेही दिसले नाही. यांपैकी भारतातील, म्हणजे हैदराबादमधील अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात मात्र, सूक्ष्मकर्ज येण्यापूर्वीच ज्यांचा धंदा चालू होता त्यांची प्रगती टिकाऊ असल्याचे आढळले. कर्ज मिळते म्हणून दुकान काढणाऱ्याला त्याचा उपयोग कमी, आणि दुकान असून पैशाअभावी अडलेल्याला जास्त, असा याचा अर्थ होतो.

सरासरी एवढी फिकी का पडते, याचे एक उत्तर हप्त्यात आहे. दुसऱ्याच आठवड्यापासून पैसे परत करायचे असतील तर विक्रेता तो पैसा आठ दिवसांत सुटेल अशाच मालात घालतो. हातगाडी, वजनकाटा, शीतपेटी, घाऊक भावाने घेतलेला मोठा साठा यांना महिने लागतात. कोलकात्यातील एका प्रयोगात एरिका फील्ड, रोहिणी पांडे व सहकाऱ्यांनी काही कर्जदारांचा पहिला हप्ता दोन महिने पुढे ढकलला. त्या कर्जदारांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि सुमारे तीन वर्षांनंतर त्यांचा नफा इतरांपेक्षा जास्त होता. पण त्यांच्यात थकबाकीही जास्त झाली. हा तोटा संस्थेच्या वाट्याला येतो, म्हणून संस्था सवलत देत नाहीत. कर्जदाराचा लाभ त्यांच्या ताळेबंदात दिसतच नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कर्जदारांवर झालेल्या प्रयोगाने यातून एक वाट दाखवली. चांगल्या कर्जदारांना वर्षभरात कोणतेही दोन हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. त्यांचा धंदा सुधारला आणि थकबाकी वाढण्याऐवजी घटली. मंदीचा आठवडा कोणता, हे विक्रेत्यालाच ठाऊक असते.

स्त्री-विक्रेत्यांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. श्रीलंकेतील छोट्या व्यावसायिकांना अनुदान देऊन केलेल्या अभ्यासात भांडवलावरील परतावा महिन्याला सुमारे ५ टक्के निघाला, पण स्त्रियांच्या धंद्यांत तो जवळजवळ शून्य होता. स्त्रियांना धंदा जमत नाही, असा घाईचा अर्थ काहींनी लावला. नंतर भारत, श्रीलंका व घाना येथील माहिती पुन्हा तपासली, तेव्हा तिच्या नावाने आलेला पैसा पुष्कळदा घरातील पुरुषाच्या धंद्यात जात असल्याचे दिसले. घरात धंदा तिचा एकटीचाच असेल तिथे परतावाही मिळत होता.

पैशाव्यतिरिक्तच्या अडचणी कर्जाने सुटत नाहीत. एकाच रांगेत दहा जण तोच माल विकत असताना दहाही जणांनी साठा वाढवला, तर गिऱ्हाईक तेवढेच राहते आणि भाव पडतो. काही अडचणी अगदी क्षुल्लक भासतात: केनियातील छोट्या दुकानदारांच्या एका अभ्यासात केवळ सुट्टे पैसे नसल्यामुळे विक्री हातची जात असल्याचे आढळले. त्यावरचा उपाय कर्ज नव्हता. नुकसान किती होते हे नजरेस आणून देताच त्यांनी सुट्टे बाळगायला सुरुवात केली.

व्याज आणि अतिरेक

सूक्ष्मकर्जाचे व्याज सावकारापेक्षा खूप कमी, तर मोठ्या बँकेच्या कर्जापेक्षा बरेच जास्त असते. दारोदार जाऊन छोटी रक्कम वाटण्या-वसूल करण्याचा खर्च मोठ्या कर्जाइतकाच येतो, हे त्यामागचे खरे कारण आहे. दर सांगण्याच्या पद्धतीत मात्र पुष्कळदा चलाखी असते. मूळ रकमेवर सरसकट २० टक्के व्याज लावून ते साप्ताहिक हप्त्यांनी वसूल केले, तर उरलेल्या मुद्दलावरचा प्रत्यक्ष दर दुपटीच्या आसपास जातो.

मेक्सिकोतील कॉम्पार्तामोस या संस्थेने २००७ मध्ये शेअर बाजारात भाग विकले. त्यातून मूळ गुंतवणूकदारांना मिळालेल्या प्रचंड नफ्यावर खुद्द युनुस यांनी कठोर टीका केली. आंध्र प्रदेशात अनेक संस्थांनी त्याच त्या कुटुंबांना कर्जे दिली आणि वसुलीचा जाच वाढला. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली जवळजवळ ठप्प झाली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले तारणाविना कर्ज सूक्ष्मकर्ज ठरते आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत.

शासकीय योजना आणि मोबाईल कर्ज

टाळेबंदीत विक्री थांबल्यावर फेरीवाल्यांनी बरेचदा भांडवलच खाऊन टाकले होते. त्या पार्श्वभूमीवर भारत सरकारने जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आणली. तीत पहिले कर्ज १०,००० रुपयांचे, ते फेडल्यावर २०,००० आणि पुढे ५०,००० रुपयांचे होते; वेळेवर फेडणाऱ्यास ७ टक्के व्याज अनुदान मिळे. २०२५ मध्ये पहिल्या दोन टप्प्यांची रक्कम १५,००० व २५,००० करण्यात आली. या योजनेचा एक आनुषंगिक परिणाम कर्जापेक्षा मोलाचा म्हणता येईल. कर्जासाठी नगरपालिकेचे विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागत असल्याने अनेक विक्रेत्यांची प्रथमच अधिकृत नोंद झाली. ज्याची गाडी केव्हाही उचलली जाऊ शकते तो गाडीत पैसे घालत नाही, आणि त्याला कितीही स्वस्त कर्ज दिले तरी तो उद्याच्या मालापलीकडे जात नाही.

केनियात २०१२ मध्ये सुरू झालेल्या एम-श्वारी सेवेने गट, बैठक व वसुली अधिकारी हे सगळेच वगळले. फोनवरील व्यवहार पाहून काही क्षणांत ३० दिवसांचे कर्ज मिळते, त्यावर सुरुवातीला ७.५ टक्के शुल्क पडे. विक्रेत्याला पहाटे माल उचलण्यापूर्वी पैसे देण्यात सावकाराची बरोबरी यंत्राने प्रथमच केली. त्यापाठोपाठ अनेक कर्जअ‍ॅप निघाली आणि किरकोळ रकमा थकवणाऱ्या असंख्य लोकांची नावे पतमाहिती संस्थांच्या काळ्या यादीत गेली. अखेर २०२० मध्ये केनियाने १,००० शिलिंगांपेक्षा कमी थकबाकीसाठी कोणाचेही नाव त्या यादीत टाकण्यास मनाई केली.