ध्रुवीय संशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य

उत्तर व दक्षिण ध्रुवप्रदेशांत अनेक राष्ट्रांनी ठरलेल्या वेळी, समान पद्धतीने निरीक्षणे घेऊन ती सर्वांना खुली करण्याची व्यवस्था. १८८२–८३, १९३२–३३ व २००७–०८ ही ध्रुवीय वर्षे (अशा संयुक्त निरीक्षणांचे ठरलेले कालखंड) आणि १९५७–५८ चे, पृथ्वीच्या भौतिक अभ्यासाला वाहिलेले आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष हे तिचे मुख्य टप्पे.

मूळ कल्पनेचे श्रेय सामान्यतः ऑस्ट्रिया-हंगेरीचे नौदल अधिकारी कार्ल वायप्रेख्ट (१८३८–८१) यांना देतात. नवी भूमी शोधण्याच्या चढाओढीपेक्षा समकालिक निरीक्षणे मोलाची, असे त्यांनी १८७५ मध्ये ग्राट्स येथे मांडले. काही अभ्यासक हे मूळ गाउस व वेबर या जर्मन शास्त्रज्ञांच्या गटिंगेन चुंबकीय संघापर्यंत (१८३६–४१; ठिकठिकाणी एकाच वेळी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेणारे जाळे) मागे नेतात. पद्धतीपुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या ध्रुवीय वर्षात महिन्याच्या १ व १५ तारखेला दर पाच मिनिटांनी चुंबकीय नोंद होई, तीही जर्मनीतील गटिंगेनच्या वेळेने. तेथे मध्यरात्र होई तेव्हा नाशिकच्या स्थानिक वेळेनुसार पहाटेचे सुमारे सव्वाचार झालेले असत. ध्रुवाभोवती केंद्रांचे कडे उभारण्याचा आग्रह मात्र वायप्रेख्ट यांचाच. तो प्रत्यक्षात येण्याआधीच त्यांचे निधन झाले.

पहिल्या ध्रुवीय वर्षातील सहभागी राष्ट्रे ११ की १२, याविषयी एकवाक्यता नाही. मुख्य केंद्रे बहुधा १४ धरतात. ‘वार्ना’ हे डच मोहिमेचे जहाज नियोजित ठिकाणी न पोहोचता सैबेरियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातील बर्फात अडकले व पुढे बुडाले. तरीही त्यावरील मंडळींनी निरीक्षणे सोडली नाहीत. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील लेडी फ्रँकलिन उपसागरावरील अमेरिकन तुकडीतील २५ जणांपैकी सहाच मायदेशी परतले. त्यांच्या नोंदी शाबूत राहिल्या, ही त्या मोहिमेची खरी कमाई.

दुसरे ध्रुवीय वर्ष जागतिक मंदीत पार पडले. भूभौतिकीय वर्षात ६७ राष्ट्रे होती. त्यातूनच १ डिसेंबर १९५९ रोजी १२ राष्ट्रांनी अंटार्क्टिक करारावर (हा खंड शांततामय वापरासाठी व संशोधनासाठी राखणारा करार) सह्या केल्या. भारताची पहिली मोहीम १९८१–८२ मध्ये सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गेली. १९८३ मध्ये भारत करारात सामील झाला. मैत्री व भारती ही अंटार्क्टिकावरील, तर हिमाद्री हे आर्क्टिकमधील स्वालबार या नॉर्वेच्या द्वीपसमूहावरील भारतीय केंद्र.

ध्रुवीय हवामानाचा संबंध आपल्याकडील थंडीशीही लावला जातो. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंश सेल्सिअसखाली उतरला की द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. ही थंडी प्रामुख्याने उत्तरेकडील कोरड्या वाऱ्यांची. आर्क्टिकच्या तापण्याशी मध्य अक्षांशांतील थंडीच्या लाटांचा संबंध काही संशोधक जोडतात. तो वादग्रस्त असून नाशिकपुरता तो सरळ गृहीत धरू नये.